पंगत कुणाची, पाणी कुणाचं

कुलसंमेलनाच्या पत्रिकेत तळाशी ‘निमंत्रक’ म्हणून पाच-सहा नावं छापलेली असतात. डोंबिवली, कोथरूड, विलेपार्ले, बडोदा, आणि हल्ली एखादं न्यू जर्सी. ज्या गावात संमेलन भरणार त्या गावात राहणारा माणूस या यादीत सहसा नसतो. त्याचं नाव असतं ‘स्थानिक व्यवस्था’ या मथळ्याखाली, मोबाइल नंबरासकट. अशी बरीच संमेलनं मी बातमीदार म्हणून पाहिली, काहींच्या तयारीच्या बैठकांना बसले, आणि यंदा जानेवारीत आमच्याच घराण्याचं संमेलन गुहागर तालुक्यातल्या मूळ गावी झालं तेव्हा निवास समितीत राबलेही. संमेलन ठरवतात शहरातले आणि ते पेलतं गावात मागे राहिलेलं एखादं घर. त्या घराला आधी विचारलं तर पुढचं सगळं जमतं. नाही विचारलं तर संमेलन होतं खरं, पण पुढची दहा वर्षं त्या घरात कुणाला पाण्याचा तांब्या मिळत नाही.

कोकणातून माणसं बाहेर पडली ती दोन वेगळ्या काळांत, आणि संमेलनांचे दोन प्रकार पडतात ते त्यामुळेच. पेशवाईत श्रीवर्धनचे भट, वेळासचे भानू, कोतवड्याचे पटवर्धन घाट चढून गेले. भट पेशवे झाले, भानूंच्या घरात नाना फडणीस झाले, पटवर्धनांची सांगली-मिरजेकडे संस्थानं झाली. त्यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, शिलेदार असे शेकडो गेले आणि त्यांचे वंशज आज इंदूर, ग्वाल्हेर, सागर, काशी असे कुठेकुठे आहेत. यांचं कोकणात घर उरलेलं नाही. उरलेलं आहे ते कुलदैवत. गुहागरचा व्याडेश्वर अशा कितीतरी घराण्यांचा. अशा घराण्याचं संमेलन त्या मानाने सोपं: भक्तनिवासात खोल्या, सकाळी अभिषेक, दुपारी प्रसादाचं जेवण, संध्याकाळी समुद्र. भांडायला सामाईक असं काही नसतंच.

दुसरा प्रकार आमचा. आजोबा किंवा पणजोबा बोटीने मुंबईला गेले, नोकरीला लागले, पण घर राहिलं, बाग राहिली, विहीर राहिली आणि सात-बारावर नावं राहिली. अशा घराण्याचं संमेलन म्हणजे भावकीची बैठकच, फक्त वर मांडव घातलेला.

आणि आमच्याच गावात काही वाड्या अशा आहेत की जिथे संमेलन नावाची गोष्टच कुणाला लागत नाही. भंडारवाडीतल्या एकाला मी विचारलं, तुमचं कधी असं झालं का? तो हसला. म्हणाला, “शिमगा आहे की.” कुणबी, भंडारी, मराठा वाड्यांची मुंबई मंडळं परळ-लालबागच्या चाळींत गिरण्यांच्या काळापासून आहेत. एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं पाळीने झोपायची, खोली गावकीची, वर्गणी गावकीची. गोवेकरांच्या धोबीतलावच्या कुडी तशाच. त्या खोल्यांतून गावच्या देवळाचा कळस झाला, शाळेचा वर्ग झाला आणि कोण कुठे आहे याची यादी आपोआप ताजी राहिली. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरते. ती दारात येणार म्हणजे दार उघडं पाहिजे, दिवा लागलेला पाहिजे, म्हणून चाकरमानी येतातच. पालखीची तारीख ठरवायला समिती नेमावी लागत नाही. आमची ये-जा तुटली, म्हणून आम्हाला पत्रिका छापाव्या लागतात.

तयारीची सुरुवात यादीपासून झाली आणि पहिलं भांडणही यादीवरूनच झालं.

आमच्याकडे आजोबांच्या पिढीने छापलेला जुना कुलवृत्तांत आहे. मूळ पुरुषापासून खाली शाखा, शाखांची घराणी, प्रत्येक नावाला क्रमांक. त्यात कोण कुठे नोकरीला होता, कोणी घर शाकारलं, कोण काशीला जाऊन आला हे सगळं आहे. कोण १८९६ नंतरच्या प्लेगात गेला, कोणाचं घर १९१८ च्या मानमोडीच्या साथीत बसलं तेही आहे. दत्तक गेलेला मुलगा एका शाखेतून दुसरीत कसा गेला ते तुटक रेषेने दाखवलेलं. सुनांची माहेरची नावं कंसात. लेकींच्या नावापुढे ‘सासर अमुक’ एवढं लिहून रेघ संपवलेली. आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या नावाखाली एकच शब्द: निर्वंश.

नवी यादी करायला पुण्यातल्या एका चुलतभावाने ते पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं. तिसऱ्या दिवशी नाशिकच्या आत्यांचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. “माझ्या वडिलांच्या नावाखाली काय छापलंय ते वाचलंत का? तीन मुली झाल्या त्यांना. मी तिसरी. नोंदणीचे पैसे मी पहिल्याच आठवड्यात पाठवलेत. आता पावती कोणाच्या नावाने फाडणार तेवढं सांगा.”

अध्यक्षकाका आधी म्हणाले की छापलेला दस्तऐवज आहे, त्याला हात लावू नये. मग म्हणाले, परिशिष्ट काढू. मग रीतसर बैठक झाली आणि ठरलं की लेकी, जावई आणि त्यांची मुलं नव्या वंशवृक्षात पूर्ण यायची. बैठकीत एका ज्येष्ठांनी विचारलं, की असं केलं तर आडनाव बदलतं, मग हे कुल कुणाचं म्हणायचं? त्याला कुणी नीट उत्तर दिलं नाही. पण नोंदणी एकदम वाढली हे खरं. आणि आलेल्यांत सगळ्यात उत्साही मंडळी म्हणजे लेकींची मुलं होती, ज्यांनी आजोळ फक्त आईच्या तोंडून ऐकलेलं.

जुन्या शाखांचा माग काढायला एक जण त्र्यंबकेश्वरला जाऊन आला. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की लांबट वह्या निघतात. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, कोणाचं कार्य केलं, आणि खाली सही किंवा अंगठा. त्याने एका पानाचा फोटो आणला. त्यात खापरपणजोबांचं मोडीतलं अक्षर होतं, घाईत लिहिलेलं, शेवटच्या ओळीत शाई सांडलेली. वाचायला आमच्यापैकी कुणालाच येईना. शेवटी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलेल्या एका बाईंनी वाचून दिलं. १९१० साली स्थापन झालेलं हे मंडळ मोडीचे वर्ग घेतं, आणि हल्ली असं वाचून देणाऱ्यांना मागणी भलतीच वाढली आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून गावोगावचे लोक वंशावळ मांडायला बसले. आम्ही हौसेने जे शोधत होतो तेच कुणाला दाखल्यासाठी हवं होतं. देशावर, कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात, हे काम पिढ्यान्‌पिढ्या हेळवी करत आले. ते दारात येऊन घराण्याची नावं म्हणून दाखवतात, नव्या जन्मांची नोंद करून घेतात आणि धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. आमच्याकडे तशी फिरती वही कधी नव्हती. त्र्यंबकेश्वरच्या वहीत मात्र बायकांची नावं आमच्या छापील पुस्तकापेक्षा जास्त निघाली, कारण तिथे यात्रेला आलेलं प्रत्येक माणूस लिहितात.

यादी झाली, मग तारीख. तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त सात पानांचं आहे आणि त्यातली सहा पानं मे महिन्यावर आहेत. मे म्हणजे मुलांच्या सुट्ट्या, आंबे, फणस, लहानपणचं सगळं. अमेरिकेतल्यांना डिसेंबर हवा होता. कुणी दिवाळीची सुट्टी म्हणालं. गावच्या वहिनी, म्हणजे मूळ घरात राहणाऱ्या दादांच्या पत्नी, फोनवर होत्या. तासभर त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मे नको. मे महिन्यात विहिरीत कळशी बुडत नाही.”

शहरात बसलेल्यांना कोकण म्हणजे पाऊस. पडतो तोही अफाट, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. पण जांभ्याच्या सड्यावर पाणी ठरत नाही. ते झिरपतं, वहाळाने धावतं आणि खाडीला मिळतं. एप्रिल उजाडला की वाडीवाडीवर टँकरची चर्चा सुरू. मी तिथेच कागदावर हिशेब मांडला. जलजीवन मिशनचं सरकारी माप माणशी रोज ५५ लिटर. आमची नोंदणी २४० वर जाणार होती. म्हणजे दिवसाला १३,२०० लिटर, आणि हे शहरातल्या लोकांनी शॉवर नाही म्हणून तोंड वाकडं करायच्या आधी. घराची टाकी दोन हजारांची. वहिनींच्या विहिरीने मेमध्ये एका कुटुंबाला पुरावं म्हणून त्या कपड्यांचं पाणी केळीला घालतात. डिसेंबरअखेर गुहागर पर्यटकांनी भरून जातं, रिसॉर्टवाले दर दुप्पट करतात. दिवाळीत दादांच्या भाताची झोडणी असते. राहिला जानेवारी. यंदा २६ जानेवारी सोमवारी आली, तीन दिवस सलग मिळत होते, विहिरीला पाणी होतं आणि रात्री थंडी असली तरी अंगावर एक घोंगडी पुरते. दहावी-बारावीची मुलं असलेली घरं नाराज झाली. तारीख विहिरीने ठरवली, अध्यक्षांनी जाहीर केली.

मग गाड्या. पूर्वी एसटीची रातराणी हाच आधार होता. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली तेव्हापासून चिपळूण हे आमचं स्टेशन. तिथून गुहागर आणखी सुमारे ४५ किलोमीटर. आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांची ६० झाली, आणि हे आमच्या निम्म्या ज्येष्ठांना माहीत नव्हतं. ते सप्टेंबरातच खिडकीवर जाऊन परत आले. २३ जानेवारीची तिकिटं २४ नोव्हेंबरला सकाळी आठला उघडली. पाच घरांतली पाच तरुण मंडळी पाच मोबाइल घेऊन बसली आणि चाळीसेक जणांची सोय झाली. बाकीचे गाड्या घेऊन निघाले. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण दशकाहून जास्त काळ चाललंय, त्याबद्दल गाडीत बसून जे बोललं जातं ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. चिपळूणहून गावापर्यंत एसटी महामंडळाच्या दोन गाड्या प्रासंगिक करारावर घेतल्या. हा निर्णय सगळ्यांत शहाणपणाचा. ज्या आत्या आणि काका एरवी एकमेकांशी कोर्टातून बोलतात, ते बाकावर शेजारी बसले आणि शृंगारतळीच्या चहापर्यंत त्यांचं नातवंडांवर बोलणं चालू झालं.

निवास समितीचं काम म्हणजे संडास मोजणं, दुसरं काही नाही. गुहागरात खोल्या मिळाल्या शंभरेक जणांच्या, वाडीतल्या घरांत तीसेक, शाळेच्या वर्गात गाद्या टाकून पन्नास. बाकीचे मूळ घरात, म्हणजे ओटी, पडवी, माजघर, माडी धरून. मूळ घराला संडास एक, तोही मागीलदारी, फणसापलीकडे. वहिनींनी आधीच सांगितलं होतं की हे जमणार नाही. मुंबईच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, पूर्वी आपण कसं करायचो? त्यावर वहिनी फोनवरून म्हणाल्या, “पूर्वी मीच करत होते सगळं, म्हणून विचारते.” शेवटी चिपळूणहून फिरती शौचालयं भाड्याने आणली. टेंपो पाखाडीच्या वळणावर अडकला, आणि वाडीतली सहा पोरं हाताने ढकलत वर घेऊन आली. त्यांचं मानधन कुठल्या समितीच्या खात्यातून द्यायचं यावर संध्याकाळी वीस मिनिटं गेली.

जेवणाचा ठेका दिला होता. आचारी बाहेरचा, माणसं त्याची, शिधा आमचा. पण दुसऱ्या दिवशीचे मोदक घरीच व्हायचे असा वहिनींचा हट्ट. तो हट्ट का, हे मला आधी कळलं नव्हतं. संमेलनाच्या पत्रिकेत ‘कुलाचाराप्रमाणे उकडीच्या मोदकांचा नैवेद्य’ असं छापलं होतं. छापताना वहिनींना विचारलं नव्हतं. आता देवाला कबूल केलंय म्हटल्यावर आचाऱ्याच्या हातचे त्यांना चालेनात.

आदल्या रात्री त्या माजघरात खडू घेऊन बसल्या आणि जमिनीवर हिशेब मांडला. दोनशे चाळीस माणसं, माणशी तीन म्हणजे सातशे वीस. वाढपी, वाडीतली पोरं, पहिल्या पंगतीत जेवून दुसऱ्यांदा बसणारे धरून आठशे. एका नारळात दहा-अकरा मोदकांचं सारण, म्हणजे पंच्याहत्तर नारळ, दोन-चार खवट निघणार म्हणून ऐंशी. आंबेमोहोराची पिठी तेरा किलो. हळदीची पानं जानेवारीत मिळत नाहीत, म्हणून मोदकपात्रात केळीची. पहाटे चारला विळ्या मांडल्या. खोवणारे आठ, त्यात चार पुरुष. बंगळुरूचा एक भाचा पहिल्या नारळातच बोट खरवडून बसला आणि त्याला गूळ चिरायला बसवलं. उकड वहिनी स्वतः काढत होत्या. पाण्याला आधण आलं की मीठ, तुपाची धार, मग पिठी एकदम, उलथन्याच्या दांड्याने दोन-चार फेऱ्या आणि लगेच झाकण. परातीत काढून गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळायची. हात पोळतात, पण थांबलं तर पारी फाटते. दादरच्या एका सूनबाईंच्या कळ्या इतक्या बारीक आणि सारख्या पडल्या की वहिनींनी न बोलता त्यांच्यापुढे परात सरकवली. ती त्यांची शाबासकी. तोपर्यंत त्या सूनबाई कुणाशीच फार बोलल्या नव्हत्या. त्यांचं माहेर नगरकडचं, मोदक त्या यूट्यूबवर शिकल्या होत्या. नाशिकच्या आत्या खुर्चीत बसून मोजत होत्या, मोठ्याने, जसे जिन्नस मोजतात तसं, “लाभ, दोन, तीन...” आठशे भरले नाहीत. सातशे साठावर पिठी संपली. कुणाला कळलंही नाही, कारण पहिल्या पंगतीतल्या मधुमेही मंडळींनी प्रत्येकी एकच घेतला आणि त्यांच्या वाट्याचे उरले.

पंगतीच्या आधी भाषणं झाली. एका निमंत्रकांनी ‘आपलं गाव’ हे शब्द इतक्या वेळा उच्चारले की पडवीच्या कडेला उभे असलेले वाडीतले दोघे-तिघे खाली बघत राहिले. एका गोष्टीबद्दल संमेलनांत कधी बोलत नाहीत. गाव आमचं म्हणजे काय? आमच्या घराण्याकडे खोतीचा हिस्सा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याआधी आणि नंतरही कुळांनी संप केले, चरीचा संप सहा वर्षं चालला. १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून कूळ कायद्याने कसणारा जमिनीचा मालक झाला. आमच्या कुलवृत्तांतात एवढ्या सगळ्या इतिहासाला एक ओळ आहे: ‘पुढे खोती गेली.’ जिच्या बापाने त्या जमिनीसाठी सारा, मक्ता आणि वर वेठही दिली, ती बाई संमेलनात भांडी घासायला आली होती. मजुरी ठरवून, चोख. तिच्या मुलाची सुपारीची बाग आता आमच्या उरलेल्या बागेपेक्षा मोठी आहे. वहिनी आणि ती रोज विहिरीवर बोलतात, शेतात एकमेकींच्या उपयोगी पडतात, म्हणून ती आली. समितीने बोलावून आली नसती. दादांनी वाडीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन जेवणाचं आमंत्रण दिलं होतं. शेवटच्या पंगतीला वाडी बसली. निमंत्रकांपैकी दोघे त्या वेळी ड्रोनने समुद्राचं चित्रीकरण करत होते, पण बडोद्याचे काका वाढायला उभे राहिले आणि वाकून वाकून दमले.

ड्रोनवरून आठवलं. दुसऱ्या संध्याकाळची सर्वसाधारण सभा खरी गाजली ती ड्रोनमुळेच. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला जाहीर झाली. तिच्यात गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतं. आमच्या गावची मोजणी झाली तेव्हा घर कोणाच्या नावावर, हा प्रश्न पहिल्यांदा कागदावर आला. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर पणजोबांचं नाव अजून आहे. बागेच्या सात-बारावर एकोणतीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, वारस नोंद नाही. घरपट्टी दादा भरतात, कौलं दादा बदलतात, आणि कर्ज हवं म्हटलं तर दादांना ते घर तारण ठेवता येत नाही, कारण एकोणतीस सह्या कुठून आणणार?

सभेत एका तरुण पुतण्याने वारसांचा तक्ता पडद्यावर दाखवला. त्यात लेकी होत्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, केंद्राची दुरुस्ती २००५ मध्ये आली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, तेव्हा २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. ही माहिती पुतण्याने सांगितली तेव्हा आदल्या दिवशी लेकींना वंशवृक्षात आणण्याबद्दल टाळ्या वाजवणारे दोन काका पाणी प्यायला उठले. वंशवृक्षात नाव घालायला मुद्रांक शुल्क पडत नाही. हक्कसोडपत्रं तयार करून आणायची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात होती, हे नंतर कळलं. सुदैवाने ती पिशवीतून बाहेर निघाली नाही. आत्यांनी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की त्यांना बागेतलं एक झाडही नको, पण सही मागायला येणाऱ्याने आधी दादांच्या घरपट्टीच्या पावत्या बरोबर आणाव्यात.

त्यावर बराच वेळ आवाज चढले. पण संमेलनाचा उपयोग झाला तो तिथेच. जी माणसं वकिलांच्या नोटिशीत ‘प्रतिवादी क्रमांक अमुक’ होती ती समोरासमोर बसलेली होती, पोटात मोदक होते, आणि गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची असल्यामुळे कुणाला उठून जाता येत नव्हतं. वारस नोंदीचे अर्ज करायचे, घर विकायचं नाही, वर्षाला प्रत्येक शाखेने देखभालीचे ठरावीक पैसे दादांकडे द्यायचे, एवढं ठरलं. बागेचं काय, ते ठरलं नाही. ते ठरेल असं मला वाटतही नाही.

झूमवरून सामील झालेल्यांना सभेतलं काहीच ऐकू गेलं नाही. त्यांना पुढचा गरब्याचा कार्यक्रम मात्र पूर्ण दिसला. कोकणातल्या कुलसंमेलनात गरबा कुठून आला ते बडोदेकरांना विचारा.

हिशेबाची बैठक एप्रिलमध्ये दादरला झाली. खर्च जाऊन थोडी शिल्लक राहिली होती. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढावी असं संपादकांचं म्हणणं. एकाने संकेतस्थळाचा प्रस्ताव आणला, त्यात वंशवृक्ष फिरवून बघता येणार होता. वहिनी पहिल्यांदाच मुंबईच्या बैठकीला प्रत्यक्ष आल्या होत्या, दादांना डॉक्टरांना दाखवायचं होतं म्हणून. त्यांनी कागद काढला. मागीलदारी दोन संडास, शोषखड्ड्यासकट, आणि पाच हजार लिटरची टाकी. चिऱ्याचे, सिमेंटचे, गवंड्याचे दर लिहून आणलेले. शिल्लक त्याला पुरत नव्हती, अर्धी कमी पडत होती. संपादक म्हणाले, पुढच्या वेळी रिसॉर्टवरच करू ना, एवढा त्रास कशाला? सगळी व्यवस्था तयार असते.

“करा की,” वहिनी म्हणाल्या. “मग मीही पाहुणी म्हणून येईन. नोंदणी कितीला ठेवताय?”

इतिवृत्तात हे वाक्य नाही. कमी पडणारे पैसे पाच शाखांनी वाटून घ्यायचे असा ठराव आहे, सूचक नाशिकच्या आत्या. तीन शाखांचे जमा झालेत. काम दिवाळीनंतर सुरू होईल. गवंडी पाटपन्हाळ्याचा आहे आणि तो अर्धी रक्कम आगाऊ मागतोय.